सोमवारी येऊ का

दारातून कोणी "मे आय कम इन, सर?" म्हणालं की माझ्या तोंडून "येस, यू मे" निघतं. त्यासाठी मान वर करावी लागत नाही. बत्तीस वर्षं भोकरदनच्या या शाळेत इंग्रजी शिकवतोय, येत्या मे अखेर रिटायर होईन, आणि आता ते उत्तर मी देतो की खुर्ची देते हे मलाही सांगता यायचं नाही. त्या गुरुवारी नववी ब च्या वर्गात वह्या तपासत बसलो होतो. शक्यता दाखवणारी दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. द बस मे कम लेट. इट मे बी कोल्ड टुमारो. पोरं काय लिहिणार दुसरं. दारातून आवाज आला, मी येस यू मे म्हणालो आणि उशिरा येणाऱ्या बसवर लाल पेनानं बरोबरची खूण केली. मग वर्ग एकदम गप्प झाला म्हणून वर पाहिलं. समोर तीस-एकतीस वर्षांची बाई उभी होती. चपला दाराबाहेर काढलेल्या, मुठीत एसटीचं तिकीट. "वळखलं का, सर? मी ज्योत्स्ना. दोन हजार आठची नववी ब. याच वर्गातली." नाव ऐकलं आणि मग चेहरा ओळखला. तिसऱ्या बाकावरची राजनंदिनी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होती. ती ज्योत्स्नाची मुलगी आहे हे मला जूनपासून कळलं नव्हतं. कसं कळणार, हजेरीत बापाचं नाव असतं. आणि खरं सांगायचं तर मी बघितलंच नव्हतं. दोघींचं कपाळ सारखं आहे, भुवया सारख्या आहेत, आंधळ्याला दिसलं असतं.

व्हरांड्यात ती भराभर बोलली, पाठ करून आल्यासारखी. "सर, उद्या हिचे मोठे चुलते दाखला मागायला येतील. बबलूभाऊ. लगीन लावून राह्यलेत तिचं. चौदा वर्षाची हाय ती, सर. हिच्या बापाचं काही चालत न्हाई भावापुढं, अन् माझं तर बिलकुल न्हाई." मी विचारलं, लग्नाला शाळेचा दाखला कशाला लागतो. तर म्हणाली, "मागच्या साली आमच्या धावड्यातच एका पोरीचं नाव पटावर होतं. दहा दिवस गैरहजर दिसली म्हणून शाळेतून माणसं घरी आली अन् लगीन अडलं. तवापासून लोक आधी दाखला काढतेत. पटावरून नाव गेलं की कोणी विचारत न्हाई. मामाच्या गावी शिकून राह्यली म्हणायचं, झालं. दाखला हातात आल्याबिगर तारीख धरणार न्हाईत, सर. परीक्षा होईपर्यंत अडवून धरा. दोन महिने फक्त. मंग उन्हाळ्यात तिला माझ्या बहिणीकडं संभाजीनगरला टाकते. ती नर्स हाय." मी म्हणालो, "बघतो. काही होऊ शकतं का ते बघतो." त्यावर ती म्हणाली, "सर, होऊ शकतं म्हणू नका. हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. मी दवाखान्यात जाते सांगून आल्ते. दोनच्या बसनं परत जायचंय. अन् माझं नाव कुठं निघायला नको." मी हो म्हणालो. तिनं चपला पायात सरकवल्या आणि गेली. जाताना मुलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, वर्ग बघत होता ना.

मला लोक के. टी. सर म्हणतात. पूर्ण नाव कचरू. माझ्या आधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईनं मला उकिरड्यावर टाकून उचललं आणि हे नाव ठेवलं, यमाची नजर जाऊ नये म्हणून. नावापासूनच असं आहे माझं, कोणाच्या नजरेत यायचं नाही. आमचे वडील, दादा, शहागडला पाटकरी होते, म्हणजे कालव्याचं पाणी कोणाच्या वावरात किती सोडायचं ते पाहणारा नोकर. साहेबाच्या हापिसाच्या दारात ते टोपी हातात घेऊन उभे राहायचे. आत साहेब कागद वाचायचा. दादा खाकरायचे नाहीत, बोलायचे नाहीत, नुसते उभे. एकदा मी बरोबर होतो तेव्हा दुपारभर उभे होते, आणि मी त्यांच्या पायाच्या भेगा मोजत बसलो होतो. सहावीत गेल्यावर शाळेत हे वाक्य शिकलो. मे आय कम इन. मला वाटलं, अरे, असं वाक्य असतं आणि आमच्या दादांना कोणी सांगितलं नाही. कालव्याच्या कडेकडेनं दोन मैल चालत मी ते त्यांच्याकडून घोकून घेतलं. मे आय कमीन, मे आय कमीन. हापिसाच्या दारात दादांनी ते म्हणलं आणि साहेब मोठ्यानं हसला, पण हसत हसत "या, बसा" म्हणाला. दादा स्टुलावर बसले. संध्याकाळी आईला सांगत होते, "त्या वाक्यात लई ताकद हाय, तुळजा." मी इंग्रजीचा मास्तर झालो तो त्या स्टुलामुळे. दादा हसण्याचं काही बोलले नाहीत, आणि मीही ते कितीतरी वर्षं आठवायचं टाळलं.

म्हणून माझ्या वर्गात शनिवारी शेवटचा तास परवानगीचा. सगळ्या भोकरदनला माहीत आहे तो. पोरांनी व्हरांड्यात रांग लावायची, एकेकानं दारात उभं राहून मे वापरून काहीतरी मागायचं. मे आय ड्रिंक वॉटर, सर. मे आय ओपन द विंडो, सर. दुसऱ्याचं वाक्य चालणार नाही, प्रत्येकानं नवं आणायचं. वाक्य बरोबर असलं की मी येस, यू मे म्हणतो आणि पोरगं आत येऊन बसतं. चुकलं की रांगेच्या शेवटी. कॅन म्हणालं तरी शेवटी, कारण कॅनमध्ये तुमची ताकद असते आणि मेमध्ये समोरच्याची मर्जी, असं मी सांगतो. माइट म्हणजे आणखी बारीक, झालं तर झालं. आपल्या भाषेत बरं असतं, जाऊ का, बसू का, नुसता एक का लावला की झालं. पोरं मजेनं करतात. त्या तासाला कोणी दांडी मारत नाही.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ज्योत्स्ना त्याच रांगेत होती. बारकी, तेल लावून घट्ट दोन वेण्या. तिचा नंबर आला आणि ती म्हणाली, "मे आय कम टू स्कूल ऑन मंडे, सर?" वर्ग खदखदून हसला. सोमवारी शाळेत येऊ का, हे काय विचारायचं झालं. मीही हसलो. असं वाक्य इतक्या वर्षांत कोणी आणलं नव्हतं, म्हणून वर शाबासकी दिली आणि म्हणालो, "येस, यू मे. नेक्स्ट." ती दारात जराशी थांबली. मागचा मुलगा तिला ढकलून पुढे आला तेव्हा आत जाऊन बसली. सोमवारी आली नाही. पुढच्या शनिवारी एका पोरानं सांगितलं, सर, तिचं लगीन झालं, धावड्याला दिली. स्टाफरूममध्ये मी अरेरे म्हणालो आणि चहा घेतला. नंतर दाखल्याचा कागद आला. त्यात शाळा सोडण्याचं कारण लिहायचा रकाना असतो. क्लार्कनं लिहिलं होतं, पालकांच्या विनंतीवरून. मी सही केली.

तिची वही मात्र माझ्याकडे राहिली. त्याच आठवड्यातली शक्यतेची दहा वाक्यं. माय अंकल्स जीप मे कम ऑन संडे. आय मे वेअर अ ग्रीन सारी. माय मदर मे क्राय. आय मे नॉट कम टू स्कूल. बाकीची सहा ऊन, वारा, बस यांचीच होती. दहाही वाक्यांवर माझी लाल खूण, आणि खाली गुड, के. टी., तारीख. शुक्रवारची तारीख, शनिवारच्या आदल्या दिवशीची. म्हणजे मी ते सगळं वाचलं होतं. वाचलं म्हणजे काय, मे बरोबर जागी आहे का, पुढे क्रियापदाचं मूळ रूप आहे का, एवढं पाहिलं. ती वही मी घरी कपाटात वर्तमानपत्रांच्या खाली ठेवली आहे. सोळा वर्षांत दोनदा उघडली. टाकून द्यायला हात होत नाही आणि ठेवून तरी काय करायचंय. आपल्याला काही कळलंच नाही असं स्वतःला म्हणायची सोय त्या वहीनं ठेवलेली नाही, म्हणून माझा तिच्यावर रागच आहे.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला शिपाई बोलवायला आला. मी तयारी करून गेलो होतो. वाचनालयाची पुस्तकं बाकी आहेत म्हणेन, चाचणीचे गुण चढवायचेत म्हणेन, रजिस्टर सापडत नाही म्हणेन. शाळेत कागद दोन महिने अडवायला काय लागतं, आम्ही आमचेच कागद वर्षवर्ष अडकलेले पाहतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत बबलू बसला होता. चाळिशी ओलांडलेला, पांढरा शर्ट, बी-बियाण्याचं दुकान आहे त्याचं. मला पाहून उभा राहिला, पाया पडला. "मे आय कम इन म्हणूनच आत आलो, सर. तुम्ही शिकवलेलं इसरलो न्हाई." तोही माझाच विद्यार्थी निघाला, शहाण्णवच्या बॅचचा. मुख्याध्यापक हसले. म्हणाले, "यांची पुतणी मामाकडे शिकायला जातेय. वर्गशिक्षक म्हणून तुमची सही पाहिजे." मी म्हणालो, परीक्षा तोंडावर आली, आत्ताच कशाला. बबलू नरमाईनं म्हणाला, "आम्ही पालक हाव ना, सर. बापाची सही अर्जावर बराबर हाय." मी म्हणालो, पोरगी हुशार आहे, वर्ष वाया जाईल. मग मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ते खरं, पण आपण कोणत्या अधिकारात थांबवायचं?"

कोणत्या अधिकारात. हा प्रश्न आला की माझं डोकं एकाच दिशेला पळतं. कोणाची मर्जी दाखवू, कोणाची परवानगी पुढे करू. मी देत नाही, एवढे तीन शब्द होते. वाचनालयाची पुस्तकं होती. पण आधार पाहिजे, आपल्या मागं कोणीतरी उभं पाहिजे, असं वाटलं आणि मी म्हणून गेलो, "तिच्या आईची संमती नाही. आई नको म्हणते." पंखा फिरत होता. टेबलावरचा कागद हलला, मुख्याध्यापकांनी त्यावर हात ठेवला. बबलूनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आई कवा आल्ती, सर?" मी काहीतरी पुटपुटलो, फोन होता की काय म्हणालो. तो म्हणाला, "बरं बरं. मंग आईला इचारून घेतो. दाखल्याची काय जल्दी न्हाई, सोमवारी नेतो." पुन्हा पाया पडून गेला. आणि मी व्हरांड्यातून चालताना, काय सांगू, छाती पुढं काढून चालत होतो. दादांना सांगायला पाहिजे होतं असं वाटलं. सोमवारपर्यंत तर अडवलं.

नंदाबाई, म्हणजे माझी बायको, दारात मेथी निवडत बसली होती. मी सगळं रंगवून सांगितलं. तिचा हात थांबला. "तिचं नाव घेतलं?" मी म्हणालो, घ्यावं लागलं, आई आहे ती, तिचा हक्क आहे. "अन् ती काय म्हणाली व्हती तुम्हाला? माझं नाव निघायला नको म्हणाली व्हती ना?" मी म्हणालो, अगं, पण कोणत्या अधिकारात म्हणल्यावर मी काय सांगणार. "तुमचं नाव सांगायचं. मी देत न्हाई म्हणायचं. तुम्ही मास्तर हाव तिचे." मी कोण, असं म्हणालो. "हेच तर," ती म्हणाली. "तुम्हाला ताटावर बसायलाबी कोणीतरी बसा म्हणावं लागतं. तीस वर्षं मीच म्हणून राह्यले." मग काड्या एका बाजूला आणि पानं एका बाजूला करत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आत्ता तिथं धावड्यात काय चाललं असंल त्या बाईचं." मला त्या क्षणापर्यंत हे सुचलं नव्हतं. छातीतली हवा सगळी गेली. ज्योत्स्नाचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता, घ्यायचं लक्षातच आलं नव्हतं. तिनं मला हो किंवा नाही मागितलं होतं, मी हो दिलं होतं, आणि मला वाटलं होतं की झालं, देऊन झालं.

शनिवारी सकाळची शाळा. राजनंदिनी आली. मला इतकं हायसं वाटलं की हजेरी घेताना तिचं नाव दोनदा पुकारलं. डोळे सुजलेले होते, पण आली होती. शेवटच्या तासाला रांग लागली. मे आय बॉरो युवर पेन. मे आय टेक अ फोटो. तन्वीरनं मे आय बिकम द मॉनिटर विचारलं आणि सगळे हसले. मग राजनंदिनी दारात आली. दोन्ही हात चौकटीला धरून, कपाळ आईचंच. "मे आय कम टू स्कूल ऑन मंडे, सर?" आईनं शिकवून पाठवलं होतं की तिचं तिलाच सुचलं, मला माहीत नाही, आता कधी कळणारही नाही. वर्ग हसला, अगदी तसाच. या वेळी मी हसलो नाही. या वेळी मी मान वर केली होती, तिच्याकडे पाहत होतो. "येस," मी म्हणालो. "येस, यू मे. यू मे कम." दोनदा म्हणालो, मोठ्यानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. ती आत जाऊन बसली आणि पुढची वाक्यं चालू झाली. मान वर केली म्हणजे मी काहीतरी केलं असं मला वाटलं. काऊन, का म्हणून, एवढंच तिला विचारायला पाहिजे होतं. काऊन विचारतेस, घरी काय चाललंय, आई कशी आहे. पण काऊनचं उत्तर आलं असतं आणि मग त्याचं मला काहीतरी करावं लागलं असतं.

आमच्या शाळेच्या भिंतीवर नळाच्या बाजूला पिवळ्या रंगावर निळ्या अक्षरात नंबर लिहिलेला आहे. बालविवाह होत असेल तर कळवा. शाळा सुटल्यावर मी त्याच्यासमोर उभा राहिलो. खिशात मोबाइल होता. मनात आलं, आधी मुख्याध्यापकांना विचारून घेऊ, शाळेचं नाव येईल त्यात. ते मीटिंगला जालन्याला गेलेले, फोन लागेना. मग तिथंच मेसेज टाईप केला, विद्यार्थिनीच्या संदर्भात तक्रार नोंदवण्यास परवानगी असावी. एवढ्या घाईतसुद्धा असावी लिहिलं. एकच खूण दिसत होती, मेसेज पोचला नव्हता. घरी गेलो, जेवलो. दर थोड्या वेळानं पाहत होतो. नंदाबाईनं विचारलं, काय झालं त्या पोरीचं. मी म्हणालो, परवानगी मागितली आहे. ती उठून आत गेली. रविवारी दुपारी बाराला उत्तर आलं, सोमवारी बोलू. ते वाचलं आणि मला माझीच किळस आली. पायात चपला घालून शाळेत गेलो. नंबर पाठ होता तरी भिंतीसमोर उभं राहूनच लावला. पलीकडे कोणी तरुण मुलगी होती. शांतपणे विचारत होती, नाव, गाव, वय, इयत्ता. मग म्हणाली, "सर, नक्की आहे का, की नुसती शक्यता आहे?" मी म्हणालो, "नक्की आहे." आयुष्यभर शक्यता शिकवली, पण हे म्हणायला मला अडखळावं लागलं नाही. दोन तासांनी तिचा फोन आला. "सर, आमची माणसं धावड्याला जाऊन आली. घराला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, सकाळी सहाला दोन जीपा गेल्या, कुठं ते सांगत नाहीत. आम्ही शोध घेतोय." मग म्हणाली, "काल कळवलं असतं तर बरं झालं असतं, सर." त्यात राग नव्हता. एखाद्याला बसची वेळ सांगावी तशी म्हणाली ती.

सोमवारी नववी ब मध्ये तिसरा बाक अर्धा रिकामा. माझ्या टेबलावर शिपायानं दाखल्याचा कागद ठेवला होता, कारणाच्या रकान्यात तेच दोन शब्द. मुख्याध्यापक पॅसेजमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "सही करून टाका सर, लग्न काल लागलं म्हणे, दाखल्यासाठी थांबले नाहीत ते, आता थांबवून काय उपयोग." मी डस्टर त्या कागदावर ठेवला आणि पोरांना मे आणि माइटची वाक्यं लिहायला दिली. लिहायला दिलं की त्यांचं तोंड दिसत नाही. अर्धा तास झाला असेल. दारात कोणी विचारलं नाही, म्हणून मला कळलं नाही. ज्योत्स्ना सरळ चपलांसकट आत आली आणि टेबलासमोर उभी राहिली. डावा गाल डोळ्यापर्यंत काळा-निळा, पदर ओढलेला तरी दिसत होता. "तिची वही तुमच्याकडं हाय. द्या," ती म्हणाली. मी गठ्ठ्यातून वही काढून दिली.  म्हणालो, "ज्योत्स्ना, मी फोन केला होता. लोक जाऊन आले. माझं चुकलं, तुझं नाव..."

तिनं माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. आवाज चढवला नाही, वर्गाकडे पाहिलं नाही. "शनिवारी घरी आली तर म्हणून राह्यली व्हती, सर हो म्हणले. मला सोमवारी शाळेत जायचंय, सर हो म्हणले. आजीला म्हणली, बापाला म्हणली. जीपमधी बसंपर्यंत तेच. तिच्या चुलत्यालाबी म्हणली, काका, सर हो म्हणलेत." वहीचा कोपरा दुमडला होता, तो तिनं बोटानं सरळ केला. "तर भाऊजी हसले. म्हणले, सर सगळ्यांनाच हो म्हणतेत. आमालाबी म्हणायचे." मग वही छातीशी धरून आली तशी निघून गेली.

मी तिच्या मागोमाग व्हरांड्यात गेलो. काय म्हणणार होतो माहीत नाही. ती मैदानातून सरळ चालत होती, नळाजवळच्या पिवळ्या भिंतीला लागून फाटकाकडे. फाटकाशी जरा थांबली, वही उघडून पाहिली. त्यात शक्यतेची दहा वाक्यं होती, गुरुवारी ती गेल्यावर मी उरलेल्या वह्यांबरोबर तपासून टाकली होती, दहाही बरोबर. काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही. तिनं वही मिटली आणि स्टँडच्या बाजूला वळली. मी परत वर्गाकडे आलो तर दारातच पाय थांबले. चौकटीवर हात ठेवला, राजनंदिनीनं ठेवला होता तिथंच. आत चाळीस डोकी वह्यांवर वाकलेली, पेनांची कुरकुर. दादा असेच उभे राहत असतील, असं वाटलं. आत जायला काय लागतं, एक पाऊल, माझाच वर्ग, माझीच खुर्ची. मला ते जमेना.  हळूच म्हणालो, "मे आय कम इन?"

"येस, यू मे," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. एकानंही मान वर केली नाही.